घटस्फोटाचा अर्ज टाकण्याआधी: मराठवाड्यातल्या पक्षकारांसाठी तयारीची यादी

आधी कोर्ट ठरवा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लग्न लागलं तिथे, दोघं शेवटचं एकत्र नांदले तिथे किंवा गैरअर्जदार (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) राहतो तिथे अर्ज चालतो. अर्जदार बायको असेल तर ती राहते तिथेही चालतो. पुण्यात नांदलेली मुलगी माहेरी परळीला आली असेल, तर तिने पुण्याला खेटे घालायची गरज नाही. माहेरच्या पत्त्याचा पुरावा मात्र आधीच जुळवून ठेवावा. छत्रपती संभाजीनगरला कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे ते नाही, तिथे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो. बौद्ध आणि जैनांनाही हाच कायदा लागू आहे. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर कलमं बदलतात.

लग्नाला वर्ष झालं नसेल तर कोर्टाची खास परवानगी लागते.

बाँडपेपरवर पंचांसमोर लिहिलेली फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे. समाजाची तशी रूढी पुराव्यानिशी सिद्ध झाली तरच ती टिकते. तरी तो कागद फाडू नका, वेगळं कधीपासून राहता हे दाखवायला उपयोगी पडतो.

फाईलमध्ये लग्नपत्रिका, फोटो, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले घाला. पोटगी, सासरच्या छळाची (जुनं कलम ४९८-अ, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) किंवा कौटुंबिक हिंसाचाराची आधीची केस असेल तर तिचा नंबर अर्जात लिहा. लपवलेली केस उलटतपासणीत हमखास निघते. पोटगीचा प्रश्न असेल तर दोघांनाही मालमत्ता व देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं (सर्वोच्च न्यायालय, रजनेश विरुद्ध नेहा, २०२०). त्यासाठी सातबारा, आठ-अ, पगारपत्रक आणि बँकेचे उतारे काढा. जमीन सामाईक खात्यात असली तरी आपला हिस्सा लिहायचा.

सगळ्यात जास्त तारखा नोटिशीत जातात. गैरअर्जदार ऊसतोडीला गेला असेल आणि दिवाळीनंतर नोटीस गावच्या पत्त्यावर काढली, तर बेलीफ ‘घर बंद’ असा शेरा मारून ती परत आणणार. म्हणून गावच्या पत्त्यासोबत कारखान्याचं नाव, मुकादमाचा पत्ता आणि मोबाईल नंबर वकिलाला द्या. प्रोसेस फी (नोटीस बजावण्याचं शुल्क) भरल्याशिवाय नोटीस निघत नाही, हे विसरूनही एखादी तारीख फुकट जाते. मुद्दाम चुकीचा पत्ता देऊन एकतर्फी हुकूम मिळवला, तर तो पुढे रद्द होऊ शकतो.

महिलांना घटस्फोटाच्या केसमध्ये कोर्ट फी माफ आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, त्यासाठी परवानगीचा अर्ज सोबत जोडा.

परस्पर संमतीचा अर्ज असेल तर किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. पुढे ६ ते १८ महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा हजर व्हायचं. वेगळं राहून दीड वर्ष झालं असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन सगळं मिटलं असेल, तर ६ महिन्यांची सूट मागता येते. ठरलेली रक्कम कधी, कशी द्यायची हे तडजोडीत तारखांसकट लिहा, कारण हुकूम होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं.