एमपीथ्रीचं पुन्हा एमपीथ्री: गाण्यांचा संग्रह कन्व्हर्ट करताना या चुका टाळा

नव्या फोनवर किंवा गाडीतल्या स्टिरिओवर जुन्या फाइल्स वाजत नाहीत, म्हणून आपण एखादा कन्व्हर्टर उतरवून घेतो, अख्खं फोल्डर त्यात ओततो आणि रात्रभर संगणक चालू ठेवतो. सकाळी दोन हजार गाणी तयार असतात. मग जागा हवी म्हणून जुनं फोल्डर उडवलं जातं. खरं नुकसान त्या क्षणी होतं, आणि ते लक्षात येईपर्यंत बरेच दिवस गेलेले असतात.

माझ्याकडे ख्यालगायनाची एक सीडी होती. तिच्यावरून आधी सेकंदाला १२८ किलोबिटच्या डब्ल्यूएमए फाइल्स केल्या, पुढे गाडीसाठी त्यांच्याच एमपीथ्री केल्या, आणि काही वर्षांनी फोनसाठी त्या एमपीथ्रींच्या एएसी. हे तिन्ही आवाज लहान करून साठवणारे फॉरमॅट. एका रात्री हेडफोन लावून ऐकायला बसलो तर गायकाच्या मागचा तानपुरा ओळखू येईना. जवारीतून (तानपुऱ्याच्या घोडीवरून) उठणारी ती झिलई गेली होती आणि तिथे पाण्याखालून यावा तसा खुळखुळाट ऐकू येत होता. मूळ सीडीला तोवर बुरशी लागली होती. ती परत वाजली नाही.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण बाकीच्या बऱ्याच चुका यातूनच निघतात. सीडीवरच्या आवाजाला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. १२८ च्या एमपीथ्रीत त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. मोठ्या आवाजाआड जे कानाला ऐकू येणार नाही असा अंदाज आहे ते एन्कोडर, म्हणजे फाइल तयार करणारा प्रोग्राम, काढून टाकतो. पहिल्या खेपेला हा अंदाज बऱ्यापैकी बरोबर असतो. पण त्या फाइलची पुन्हा एएसी किंवा ऑपस (असाच आणखी एक फॉरमॅट) केली, की नवा एन्कोडर आधीच्याने मागे ठेवलेला कचराही संगीतच समजतो, त्याच्यावर बिट्स खर्च करतो आणि वर स्वतःची काटछाट करतो. काढून टाकलेलं परत कुठूनही येत नाही.

आपल्या संगीतात हे चटकन उघडं पडतं. भजनातली झांज, टाळ, चिपळ्या, तबल्याची चाट हे सगळे अचानक फुटणारे आवाज. कमी बिटरेटला (सेकंदाला कमी किलोबिट असताना) अशा आघाताच्या अगदी आधी एक पुसट ‘फस्स’ ऐकू येतं, आणि टाळ टणटणीत वाजण्याऐवजी चाळणीतून वाळू पडावी तसा वाजतो. कन्व्हर्टरची परीक्षा घ्यायची असेल तर टाळ-मृदंगाचा एखादा जोरकस गजर निवडा. संथ भावगीतावर काहीच कळणार नाही.

म्हणून मुळात कन्व्हर्ट करायची गरज आहे का, हे आधी बघा. एमपीथ्रीची पेटंटं २०१७ पर्यंत संपली आणि आज ती न वाजवणारं यंत्र क्वचितच सापडतं. तुमच्याकडे फक्त एमपीथ्री असेल तर ती आहे तशी राहू द्या. नवीन फॉरमॅट हवाच असेल तर तो सीडीवरून किंवा फ्लॅक या फॉरमॅटवरून करा. फ्लॅकमध्ये काहीही फेकलं जात नाही, आणि फाइल सीडीच्या साधारण निम्म्या आकाराची होते. मूळ फ्लॅक एका वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि फोनसाठी, गाडीसाठी लागेल तशी प्रत दर वेळी त्याच मुळावरून काढा.

बिटरेट वाढवल्याने आवाज सुधारतो, हा समज अजूनही घट्ट आहे. पाच मिनिटांचं १२८ चं गाणं साधारण ४.८ एमबीचं असतं. ते ३२० केलंत की १२ एमबीचं होतं आणि ऐकायला आधीपेक्षा किंचित वाईटच. एमपीथ्रीची फ्लॅक केली तर आणखी बिघाड होत नाही, पण गेलेलं परतही येत नाही, फक्त डिस्क भरते. कुणी दिलेली फ्लॅक खरी आहे का हे बघायला ती स्पेकसारख्या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. १६ किलोहर्ट्‌झच्या वर सुरीने कापल्यासारखा काळोख असेल तर ती बहुधा १२८ ची एमपीथ्रीच आहे. मात्र जुन्या ७८ आरपीएम तबकड्या आणि घरच्या कॅसेटींवर तेवढ्या उंच पट्टीत मुळातच फारसं काही नसतं. तिथे आवाज हळूहळू विरत जातो, सरळ रेषेत कापला जात नाही. हा फरक ओळखा, नाहीतर चांगली फाइल खोटी म्हणून टाकून द्याल.

फाइलच्या नावातलं शेपूट बदलणं म्हणजे कन्व्हर्ट करणं नव्हे. एमफोरए हा नुसता डबा आहे, आवाज कसा साठवलाय ते त्यावरून कळत नाही. आत एएसी असू शकतं किंवा काहीही न गमावणारं एलॅकही. कच्ची एएसी फाइल फोन घेत नसेल तर एफएफएमपेग या कन्व्हर्ट करणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘कॉपी’चा पर्याय वापरा. आतला आवाज तसाच राहतो, फक्त डबा बदलतो, आणि काम काही सेकंदांत होतं.

आता देवनागरीचा प्रश्न. गाण्याचं नाव, गायक, राग ही माहिती टॅगमध्ये असते. एमपीथ्रीतल्या टॅगच्या पद्धतीला आयडीथ्री म्हणतात. तिच्या पहिल्या आवृत्तीत नावाला जेमतेम ३० बाइट जागा आहे आणि देवनागरीची सोयच नाही. तिथे ‘?????’ दिसणार. २.४ आवृत्तीत यूटीएफ-८ (देवनागरी साठवू शकणारी अक्षरांची पद्धत) चालतं, पण बऱ्याच गाड्यांचे स्टिरिओ ती आवृत्ती वाचत नाहीत. २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ (तशीच दुसरी पद्धत) ही जोडी बहुतेक ठिकाणी चालते. एमपीथ्रीटॅगसारख्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ती निवडता येते. गीतकार, राग, ताल हे आपण बहुतेकदा कॉमेंटच्या रकान्यात लिहितो, आणि काही कन्व्हर्टर नेमका तोच रकाना गाळतात. शंभर बंदिशींचे राग पुन्हा हाताने भरण्यापेक्षा आधी एक फाइल कन्व्हर्ट करून टॅग उघडून बघा.

सीडीवर आलाप, जोड, झाला असे वेगळे ट्रॅक असतात, पण वादन अखंड चाललेलं असतं. एमपीथ्री एन्कोडर फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडतो. लेम हा एन्कोडर ती किती आहे याची नोंद फाइलमध्ये ठेवतो, म्हणून चांगला प्लेअर ती वगळू शकतो. कन्व्हर्टरने ही नोंद पुसली की ऐन रंगात एक उचकी लागते. अशा मैफलींचे ट्रॅक आधी फ्लॅकमध्येच जोडून एक करा आणि मग एन्कोड करा.

आवाजाची पातळी सारखी करायला कन्व्हर्टरमधलं ‘नॉर्मलाइझ’ दाबू नका. रीप्लेगेन वापरा. ते पातळीची नोंद फक्त टॅगमध्ये करतं, मूळ आवाजाला हात लावत नाही.

कॅसेटवरून घेतलेलं जुनं मोनो गाणं जागा वाचवायला मोनो करायचं असेल तर डावा-उजवा आवाज डोळे झाकून मिसळू नका. टेपचं हेड जरा तिरकं असलं तरी दोन्ही बाजू एकमेकींपासून किंचित मागेपुढे असतात, आणि मिसळल्यावर वरचे सूर बोथट होतात. दोन्ही बाजू ऐकून बघा आणि जी स्वच्छ असेल तेवढीच ठेवा.

गाडीत पेनड्राइव्ह लावल्यावर क्रम उलटसुलट होत असेल तर कन्व्हर्टरला दोष देण्याआधी फाइलची नावं बघा. १, २, १० असे आकडे असतील तर १० हा २ च्या आधी लागतो, म्हणून ०१, ०२ असं लिहा. काही स्टिरिओ नाव बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाइल्स कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात. त्यांच्यासाठी पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि फोल्डर एकदम न ओढता गाणी क्रमाने एकेक करून टाका.