चंद्राचं खळं कसं वाचावं

"खळं लांब तर पाऊस जवळ, खळं जवळ तर पाऊस लांब," असं आजी म्हणायची. लहानपणी मला ते उलटंच वाटायचं. खळं म्हणजे चंद्राभोवती दिसणारं कडं, आणि ही कडी मुळात दोन वेगळ्या प्रकारची असतात, हे फार उशिरा कळलं.

म्हणून आधी मोजा. हात पूर्ण ताणून वीत फाकवा आणि अंगठ्याचं टोक चंद्रावर धरा. करंगळी कड्यापाशी पोचली तर ते खरं खळं. चंद्रापासून ते साधारण २२ अंशांवर असतं. खूप उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे षटकोनी स्फटिक असतात, त्यांतून प्रकाश वळला की हे कडं उमटतं. चंद्राला चिकटलेलं, तांबूस कडेचं लहान वलय दिसलं तर ते बहुतेक पाण्याच्या बारीक थेंबांचं. ते मी खळ्यात धरत नाही. दिवसा सूर्यालाही खळं पडतं, पण तेव्हा सूर्य एखाद्या भिंतीआड किंवा झाडाआड ठेवूनच बघा.

खळं दिसल्या दिसल्या निकाल देऊ नका. तासा-दोन तासांनी पुन्हा बाहेर या. कडं पुसलं गेलंय, चंद्र दुधी काचेमागे ठेवल्यासारखा दिसतोय, तारे एकेक करून बुजलेत, असं असेल तर ढग दाट होत खाली उतरतायत. मग मी दुसऱ्या दिवशीचा पाऊस धरते. तारे पुन्हा लखलखीत दिसू लागले तर नाही धरत. उष्ण प्रदेशात हा पातळ ढग पुष्कळदा दूरच्या गडगडाटी ढगाच्या माथ्यावरून पसरत आलेला असतो, आणि त्याचा पाऊस तिकडेच पडून जातो.

जोडीला पहाटेचं दव बघा. गवत ओलंचिंब असेल तर रात्र निरभ्र होती आणि वारा पडलेला होता, एवढं नक्की. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस, यावर मात्र माझा भरवसा नाही. त्या इतर कारणांनीही बिऱ्हाड हलवतात.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, वितीचं माप, दोन तासांनी काय दिसलं आणि शेवटी पाऊस, असे रकाने पुरेत. पहिले चार रात्रीच भरा. पाऊस पडून गेल्यावर लिहायला बसलं की फसलेली खळी आठवतच नाहीत. आणि पाऊस आला नाही, तर शेवटच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहा.