बीपीची गोळी आत जाऊन करते काय, अन् घरी बीपी मोजायचं कसं

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकलवर बसतो. रोज चार-पाच जण तरी काउंटरवर विचारतात, भाऊ मले काहीच तरास नाही, मंग गोळी काहून खाऊ? आमच्या मामानंही मागच्या कापूस वेचणीत पत्ता संपला तशी गोळी सोडली, डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही हा त्यांचा हिशोब, अन् होळीला मोजलं तर १७८/१०४. म्हणून लोकांना तुकड्या-तुकड्यानं सांगतो ते एकदाचं लिहून टाकतो.

पहिले मोजणं, कारण अर्धा घोळ तिथंच असते. खाटेवर बसून पाय लोंबकळत, हात मांडीवर, अन् समोरचा तूर किती क्विंटल झाली ते विचारून राहिला, असं मोजलेलं बीपी काही कामाचं नाही. पाठ टेकेल अशी खुर्ची घ्या, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आधी लघवीला जाऊन या अन् पाच मिनिटं गप बसा. अर्धा तास आधीपासून चहा नको, खर्रा तर नकोच, निकोटिननं नसा आवळतात अन् आकडा वर जाते. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, बाही वर सरकवून तिचाच फास बसत असेल तर सदरा काढूनच टाका. मनगटाच्या मशीनपेक्षा दंडाची बरी, अन् दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा बीपी जास्त दाखवते. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा, सकाळी गोळीच्या आधी अन् रात्री जेवणाच्या आधी, असं सात दिवस वहीत लिहा, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असली तर बीपी आहे असं धरतात. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० ला, कारण डॉक्टरसमोर बसलं की भल्याभल्यांचं वाढते.

आता आत काय होते ते. नस म्हणजे ठिबकची नळी नव्हे, नस आवळते, सैल होते. तिच्या भिंतीत स्नायू असतो अन् सगळ्यात आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर, एंडोथेलियम. हे अस्तर आर्जिनिन या प्रोटीनच्या घटकापासून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवते, तो बाजूच्या स्नायूत झिरपला की स्नायू सैल पडते. यावर १९९८ चं नोबेल मिळालं, फर्चगॉट, इग्नारो अन् म्युराड या तिघांना. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट शरीरात हेच नायट्रिक ऑक्साइड तयार करते (ती छातीची गोळी आहे, बीपीची नाही, पण लोक घोळ करतात). तंबाखू, शुगर, वाढलेलं बीपी यानं हे अस्तर खराब झालं की वायू कमी पडते, नस कडक होते, अन् एलडीएल कोलेस्टेरॉल अस्तराखाली शिरून थर धरते.

दुसरा खेळ किडनीचा. तिला वाटलं रक्त कमी पोचून राहिलं, की ती रेनिन सोडते, रेनिन लिव्हरच्या एका प्रोटीनला कापून अँजिओटेन्सिन-१ करते, मग एसीई नावाचं एन्झाइम त्यालाही कापून अँजिओटेन्सिन-२ करते, अन् हे दोन नंबरचं मोठं खट्याळ आहे, नसा आवळते अन् वरून अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढवून अंगात मीठ-पाणी धरून ठेवते.

ज्या गोळीचं नाव ‘प्रिल’नं संपते ती एसीईला अडवते. ही कल्पना ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषातून आली, तो आपल्या घोणसाच्याच कुळातला, अन् कॅप्टोप्रिल १९८१ ला बाजारात आलं. पण एसीई ब्रॅडिकायनिन नावाचं अंगातलं रसायनही मोडते, ते साचलं की काहींना कोरडा खोकला लागते, मग लोक माझ्याकडं खोकल्याचं सिरप मागत बसतात. टेल्मिसार्टन मात्र अँजिओटेन्सिन-२ ज्या कुलपात बसते ते कुलूपच बुजवते, खोकला सहसा नाही. गरोदर बाईनं या दोन्ही जातीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, दिवस राहिल्याची शंका असली तरी लगेच डॉक्टरला सांगा. पोटॅशियमवालं ‘कमी सोडियमचं मीठ’सुद्धा यांच्यासोबत विचारल्याशिवाय नको.

अ‍ॅम्लोडिपिन स्नायूत शिरणाऱ्या कॅल्शियमचं दार अर्धवट लावते. पूर्ण असर यायला आठवडाभर लागते, तिसऱ्याच दिवशी ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणून परत आणू नका. पाय सुजले तर किडनी गेली असं नसते, बारीक नसा सैल झाल्यानं पाणी खाली उतरते, डॉक्टर डोस कमी करतात नाहीतर गोळी बदलतात. क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी मीठ बाहेर काढते, अन् मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर गेला की घामानं आधीच मीठ-पाणी गेलेलं असते, तेव्हा वावरातून उठताना चक्कर येते. अशा वेळी बसून अन् उभं राहून दोन्ही बीपी लिहा, वही दाखवा, डोस डॉक्टर ठरवतील. स्वतःच बंद करू नका, अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळ्या तर एकदम सोडणं धोक्याचं.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं. अन् गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी खाणारे लय आहेत, ती किडनीतली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करून मीठ अडवते अन् बीपीची गोळी निकामी करून ठेवते.

१८०/१२० च्या वर आकडा, सोबत छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, काहीही असलं तर १०८ लावा. त्रास नसला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, तरी तेवढंच असलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरच्या घरी जास्तीची गोळी खाऊन बीपी एकदम पाडू नका.

मामाची वही कापसाच्या हिशोबाचीच आहे, मागच्या पानापासून सुरू केलेली. काल पाहिली तर शेवटची नोंद १३२/८२, अन् खाली पेनानं, ‘उजवा पाय सुजला, सोमवारी इचारणे.’