घरातल्या जुन्या वस्तू नातवंडांच्या हाती कशा सोपवाव्यात

माहेरहून आलेला पितळी हंडा आम्ही मोडीत दिला. घर रंगवायला काढलं होतं, माळ्यावर जागा नव्हती, आणि हंडा कित्येक वर्षांत कुणी खाली उतरवला नव्हता. दुकानात काट्यावर ठेवल्यावर उजेडात त्याच्या गळ्याशी कोरलेली अक्षरं दिसली. माझ्या आजीचं नाव आणि लग्नाचं साल. मी वाचेपर्यंत वजन होऊन पैसे हातात आले होते. परत मागायचा धीर झाला नाही. आज ते साल मला आठवत नाही, आणि सांगणारं कुणी उरलेलं नाही.

त्यानंतर आमच्या सोलापूरच्या घरात जे करायला लागलो, ते क्रमानं सांगते.

१. आधी निवड करा

सगळंच ठेवायचं म्हटलं तर दोन खोल्यांत माणसांना जागा उरणार नाही. पाच-सात वस्तू पुरेत. किंमत बघू नका. ही वस्तू रोज कोण हाताळायचं, आणि त्याबद्दल सांगणारं माणूस आज आहे का, एवढंच बघा. सांगणारं माणूस थकलेलं असेल, तर ती वस्तू यादीत सगळ्यात वर घ्या.

आमच्या यादीत पहिला आला मामंजींचा धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारं लाकूड. ते हातमागावर विणायचे. दीड वीत लांबीचं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, मध्ये सुताची कांडी बसायची खाच. कडेला बारीक भोक आहे. नातीला वाटलं ही खेळण्यातली होडी.

२. वस्तू हातात द्या, मग विचारा

“आठवणी सांगा” म्हटलं की म्हातारी माणसं “काय सांगायचं त्यात” म्हणून गप्प बसतात. मी धोटा सासूबाईंच्या हातात दिला आणि विचारलं, “हे भोक कशाला?” त्यांनी धोटा तोंडाशी नेला आणि श्वास आत ओढून दाखवला. सूत असं ओढून बाहेर काढायचं म्हणाल्या. मग कांड्या भरणं, पोटात जाणारा कापसाचा तूस, मजुरीचा दिवस, सगळं आपोआप निघालं.

प्रश्न छोटे आणि हाताशी धरता येतील असे असू द्या. कुठून आणलं? आवाज कसा यायचा? कुणी हात लावलेला चालायचा नाही? सोलापुरात कापडगिरणी 1877 मध्ये सुरू झाली, त्यामुळे गिरणीत राबलेलं माणूस पुष्कळ घरांत सापडेल. त्यांना भोंग्यापासून विचारा. 1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या किंवा 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या गोष्टीही घराघरांत सांगतात. स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळं लिहून ठेवा.

मोबाइलवर रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात ते सकाळी लवकरच जमतं. एका वेळी वीस मिनिटं बास. आणि आजी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलत असतील तर त्यांना मराठीत बोलायला लावू नका. अर्थ नंतर लिहून घेता येतो.

३. चिठ्ठी वस्तूलाच जोडा

वही एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे असली की दहा वर्षांत ताटातूट होते. कुणाची, कुठली, कशासाठी, कुणी सांगितलं, आणि आजची तारीख, एवढं लिहा. कापडाला पांढऱ्या सुती पट्टीवर लिहून दोन सैल टाके घाला. फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीनं हलकं लिहा. बॉलपेनची शाई आणि दाब पुढून उमटतो.

४. जपणूक

जुनी सोलापुरी चादर धुण्याआधी कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून बघा. रंग उतरला तर धुऊ नका, नुसती झटकून वारा द्या. धुतलीच तर सावलीत खडखडीत वाळवा आणि खळ देऊ नका, खळीला कसर लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, म्हणून धुतलेल्या जुन्या धोतरात गुंडाळा. दर वर्षी घडी बदला, नाहीतर चादर घडीवरच विरते. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कापडाला टेकू देऊ नका.

पितळेला चिंच-मीठ चालतं, पण लगेच धुऊन पुसा, आणि नाव कोरलेल्या जागी घासू नका. कागदांच्या गंजलेल्या टाचण्या काढा. जुने फोटो लॅमिनेट करून घेऊ नका, ते पुन्हा सुटत नाही.

५. वापरात ठेवा

यावर मी सगळ्यात जास्त भर देते. आमचा खलबत्ता कपाटात नसतो. महिन्यातून एकदा शेंगा भाजायच्या, आणि चटणी नातवंडांनी कुटायची. मिक्सरमध्ये कूट होतं. कुटताना दाण्याचं तेल सुटतं, चटणी गोळा व्हायला लागते आणि वास घरभर जातो. तो क्षण मुलांना हातानं कळायला हवा. हात दुखले की थोरल्यानं विचारलं, “पणजी रोज असं करायची?” मग सासूबाईंनी पुढचं सांगितलं. त्याच चटणीबरोबर कडक भाकरी मोडायलाही त्यांनीच शिकवलं.

संक्रांतीच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला बाराबंदी (बंदांनी बांधायचा अंगरखा) घालायची रीत ज्यांच्या घरी आहे, त्यांनी घरातली जुनी बाराबंदी चार दिवस आधीच काढावी आणि बंद कसे बांधायचे ते मुलाला स्वतः बांधू देऊन शिकवावं. आयत्या वेळी घाईत मोठी माणसंच बांधून मोकळी होतात.

६. कुणाला काय, ते आजच बोला

हे बोलणं अवघड जातं, पण नंतर होणारी भांडणं त्याहून अवघड. सगळ्यांसमोर विचारा, कुणाला काय हवं आहे. बऱ्याचदा वेगळंच उत्तर येतं. आमच्या पुण्याच्या नातीनं चादर नको म्हटलं, तिला धोटा हवा होता. वस्तू एकाकडेच जाते, पण रेकॉर्डिंग आणि फोटो प्रत्येक घरात पाठवा, एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

हंड्याचीही एक चिठ्ठी आम्ही पेटीत ठेवली आहे. पितळी, गळ्याशी आजीचं नाव, साल वाचलं होतं पण आठवत नाही, मोडीत दिला.