बारा लाख, दोन सीट आणि गल्लीतला स्पीडब्रेकर

भाच्याने रविवारी सकाळी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. लाल रंगाची, छप्पर दुमडणारी, दोन सीटची जर्मन गाडी. किंमत अकरा लाख चाळीस हजार, पासिंग मुंबईचं. "मामा, बारा जमलेत. घेऊन टाकू?"

मी काही बोललो नाही. टेप घेतली आणि त्याला गल्लीच्या तोंडाशी नेलं. नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडून आमच्या कॉलनीत वळलं की एक स्पीडब्रेकर आहे. तो कुणी आणि कुणाच्या सांगण्यावरून बांधला, ते कॉलनीत कुणालाच ठाऊक नाही. त्याच्यावर पट्टी आडवी धरून उंची मोजली. १३५ मिलिमीटर. "आता तुझ्या लाल गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते बघ." त्याने शोधलं आणि गप्प बसला.

अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे, सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, जॉबवर्क करतो. मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय तिथली. आजवर तीन सेकंडहँड युरोपियन गाड्या पाळल्या, त्यातली एक सपशेल चुकली. भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

चालवणार कुठे?

सोमवार ते शनिवार द्वारका, मुंबई नाका, फार तर गंगापूर रोड. त्यात पुढच्या कुंभमेळ्याच्या कामांनी आज हा रस्ता खणलेला, उद्या तो. रविवारी पहाटे वणीवरून सापुतारा, नाहीतर पेठ रस्त्याचा सावळ घाट, कधी त्र्यंबकवरून जव्हार. या घाटांत गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच असते. वळणावर समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येईल की एसटी, सांगता येत नाही. समृद्धीवर गेलात तरी मर्यादा १२० आणि वर कॅमेरे. म्हणजे अडीचशे हॉर्सपॉवर तुम्ही पार्किंगमध्येच मिरवणार. सव्वाशे-दीडशेची हलकी, मॅन्युअल गाडी या रस्त्यांवर जास्त मजा देते, कारण ती पूर्ण पिळून वापरता येते.

दुसरा प्रश्न बंद पडल्यावरचा. गाडी टोचन करून किती लांब न्यावी लागेल? तिचे पार्ट दुसऱ्या कुठल्या साध्या गाडीला बसतात का? नाशकात तिच्यावर हात बसलेला निदान एक मिस्त्री आहे का? भाच्याच्या लाल गाडीबद्दल तिन्ही उत्तरं वाईट आली.

माझी चुकलेली गाडी

तीही छप्पर दुमडणारीच होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, विकणाऱ्याचंही नाही. घेतली तेव्हा छप्पर अठरा-वीस सेकंदांत डिकीत जाऊन बसायचं आणि कॉलेज रोडवर पोरं मोबाइल काढायची. जूनमधल्या एका रविवारी इगतपुरीला घाटनदेवीपाशी चहाला थांबलो. आभाळ भरून आलं म्हणून बटण दाबलं. छप्पर अर्ध्यावर आलं आणि थांबलं. डिकी उघडी, काच खाली, छप्पर हवेत. इगतपुरीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. एका ट्रकवाल्याने ताडपत्री दिली, ती दोरीने बांधली, आणि संध्याकाळी फ्लॅटबेडवरून गाडी नाशकात आली. आमच्या हिने दारातूनच विचारलं, "नवरी कुठून आणली?"

खोलून पाहिल्यावर कारण अगदी क्षुल्लक निघालं. पाणी वाहून जाण्याच्या नळ्या पानांनी तुंबलेल्या, पाणी डिकीच्या तळाशी साचलेलं आणि छपराचा हायड्रॉलिक पंप त्यात भिजून बसलेला. पंप बाहेरून मागवला. सात आठवडे आणि दीड लाखाच्या वर गेले.

म्हणून असली गाडी घ्यायचीच असेल तर छप्पर लागोपाठ तीनदा उघडझाप करून बघा. तिसऱ्या वेळी पंपाचा आवाज दमल्यासारखा येतो का, ते कान देऊन ऐका. मग डिकीतला गालिचा उचला आणि खाली हात फिरवा. ओल लागली किंवा कुबट वास आला की दार लावून निघून या.

कोणत्या सोडायच्या

बारा लाखांत पंधरा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच मोठ्या नावांच्या गाड्या दिसतात. त्या नवेपणी चाळीस-पन्नास लाखांच्या होत्या आणि त्यांचे पार्ट अजूनही त्याच भावात मिळतात, एवढं ध्यानात ठेवा. बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज चालवायला माझी सगळ्यात आवडती. पण बहुतेकींना रनफ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) असतात आणि स्टेपनी नसते. सटाण्याच्या पुढे टायर फाटला तर पंक्चरवाला नुसता बघत राहील. मिनी कूपर एस गोकार्टसारखी वळते, पण तिचं स्प्रिंग इतकं कडक की सिन्नर फाट्यापर्यंत कंबर बोलायला लागते. कुणी स्वस्तात पोर्श दाखवली तर आधी साल विचारा. २००९ च्या आधीच्या बॉक्स्टर आणि केमनमध्ये आयएमएस बेअरिंग नावाचं एक दुखणं आहे. ते बेअरिंग तुटलं की अख्खं इंजिन जातं.

उरल्या तीन

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस (जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर), सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गाडी चाकणला बनायची, पार्ट पानपट्टीवर मिळावेत इतक्या सहज मिळतात, आणि शहरात चालवायला हिच्यासारखी गाडी नाही. खोट आहे ती गिअरबॉक्समध्ये. हा डीएसजी कोरड्या क्लचचा. गर्दीत इंच-इंच सरकताना तापतो आणि त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू, गेलं की खर्च लाखाच्या घरात. त्यामुळे हिची ट्रायल सकाळी मोकळ्या रस्त्यावर घेऊच नका. संध्याकाळी साडेसहाला द्वारकेच्या गर्दीत घाला, अर्धा तास सरकवा, गिअरबॉक्स चांगला तापू द्या, आणि मग एखाद्या चढावर रिव्हर्समध्ये हळूच मागे घ्या. झटके बसले, थरथर आली किंवा डॅशबोर्डवर पान्याचं चिन्ह चमकलं की विषय संपला. २०२० नंतरच्या १.० टीएसआय ऑटोमॅटिकला साधा, जुन्या पद्धतीचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स आहे. ती डोक्याला ताप देत नाही, पण तेवढीच रंगतही कमी.

स्कोडा लॉरा आरएस, २०११ च्या सप्टेंबरात आलेली. १.८ टीएसआय, १६० पीएस, सहा गिअर मॅन्युअल, मागे चार माणसांचं सामान मावेल अशी डिकी. तिघींत मोठी आणि ताकदवान हीच. पण हे इंजिन तेल पिण्याबद्दल बदनाम आहे आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर सैल होतो. मालकाला सरळ विचारा, "दोन सर्व्हिसच्या मध्ये किती ऑइल टाकता?" जो म्हणतो "थेंबही नाही", त्याच्या डिकीत अर्धा भरलेला ऑइलचा कॅन सापडतो का, तेवढं बघा. मला दोनदा सापडलाय. शिवाय रजिस्ट्रेशनची १५ वर्षं भरत आलीत. त्यानंतर फिटनेस, पर्यावरण कर आणि पुनर्नोंदणी. वीस वर्षांपर्यंतच्या गाड्यांची पुनर्नोंदणीची फी इथे बनलेल्या गाडीला ५,००० आणि आयात केलेल्या गाडीला ४०,००० अशी ठेवलेली आहे. हौसेच्या विलायती गाड्यांचा हिशेब करताना लोक नेमका हा आकडा विसरतात.

फियाट पुंटो अबार्थ. २०१५ ची, रांजणगावची. १.४ टी-जेट (फियाटचं टर्बो पेट्रोल इंजिन), १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क. पोटाखाली १५५ मिलिमीटर, म्हणजे आमच्या स्पीडब्रेकरला एकटा असाल तर खुशाल, मागे तिघं बसले तर तिरकी. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, रस्ता हाताला कळतो. दोन हजार आरपीएमपर्यंत गाडी झोपलेली असते आणि मग मागून कुणीतरी ढकलल्यासारखी सुटते. हे कुणाला आवडतं, कुणाला नाही. मला आवडतं. कंपनीने इथला कारभार गुंडाळलाय खरा, पण टी-जेट लिनियालाही होतं, आणि बॉडी, बुशिंग, लोअर आर्म बहुतेक साध्या पुंटोचे. नाशकात टी-जेट उघडणारे दोन मिस्त्री मला माहीत आहेत. तिचा टायमिंग बेल्ट मात्र किलोमीटरवर मोजू नका, वर्षांवर मोजा. तीस हजार चाललेल्या गाडीतही दहा वर्षांचं रबर दहा वर्षांचंच असतं.

गाडी बघायला जाल तेव्हा

सकाळी साडेसहाला जा, आणि "गाडी सुरू करून ठेवू नका" असं आदल्या रात्रीच सांगा. पोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर मालकाने काहीतरी लपवण्यासाठी इंजिन आधीच फिरवलंय. थंड असेल तर खाली वाकून सुरू करायला सांगा आणि पहिले तीन सेकंद फक्त ऐका. डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट आला की तो चेनचा. मग मागे जाऊन धूर बघा. पांढरी वाफ थोडा वेळ चालेल. निळसर धूर, विशेषतः उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर येणारा, म्हणजे टर्बो, व्हॉल्व्ह सील किंवा रिंगमधून ऑइल जळतंय.

ब्रेकच्या डिस्कच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकण्याइतका काठ तयार झाला असेल तर डिस्क संपत आल्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. "२३१९" म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी असली तरी सहा-सात वर्षांचा टायर उन्हाळ्यात समृद्धीच्या काँक्रीटवर नेऊ नका. गाडी रॅम्पवर चढवायला लावा आणि चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, बघा. वेल्डिंगचा डाग दिसला तर ते एकदा फुटलेलं आहे. नाशिकच्या स्पीडब्रेकरवर फुटलं असेल तर त्यात मालकाचा दोष नाही, पण फुटल्यावर गाडी किती लांब चालवली ते विचारा.

सोबत ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले एरर वाचणारं यंत्र, न्या. चेक इंजिनचा दिवा बंद असणं पुरेसं नाही. काही बिलंदर सकाळीच एरर पुसून टाकतात. पुसलेलं ओळखायचं असेल तर स्कॅनरवर रेडीनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. बरेचसे "अपूर्ण" दाखवत असतील तर कोड नुकतेच उडवलेत किंवा बॅटरी काढली होती. अशा वेळी शंभरेक किलोमीटर फिरवून पुन्हा दाखवा म्हणायचं. खरा माणूस तयार होतो.

पेट्रोलच्या पाइपांचा वास घ्यायला विसरू नका. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉल येतं आणि दहा वर्षांपूर्वीची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. झाकणाच्या आत ९५ ऑक्टेन लिहिलं असेल तर ९५ च भरा.

कागद

पेठ रोडच्या आरटीओत हेलपाटे नको असतील तर पैसे देण्याआधी एवढं बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलान थकलेली नाहीत ना, ते मालकासमोर मोबाइलवर उघडून बघा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बसवलीय का? दिल्लीची पेट्रोल गाडी फार स्वस्त दिसली तर हुरळून जाऊ नका. तिथल्या १५ वर्षांच्या नियमामुळे ती स्वस्त आहे. आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी लागेल आणि इथला रस्ता कर नव्याने भरावा लागेल. सर्व्हिसच्या पावत्या जाडजूड फाइलमध्ये लावून ठेवणारा माणूस भेटला तर किमतीत वीस-तीस हजारांवरून ताणू नका.

आणि बारा लाख जमले म्हणून बारा लाखांची गाडी बघू नका. आठपर्यंत थांबा. दोन पहिल्या वर्षात जातीलच, एक विम्याला आणि नावावर करायला, एक हाताशी.

भाच्याने तीन आठवडे घातले. पोलो दोन पाहिल्या, एकीने द्वारकेला पाना चमकवला. लॉरा एक, ऑइलच्या कॅनसकट. शेवटी जेल रोडवरच्या एका निवृत्त बँकवाल्याची पांढरी अबार्थ घेतली, सहा लाख ऐंशीला, फाइलसकट. दुसऱ्याच दिवशी बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि चार टायर बदलले. मागच्या रविवारी माझ्या आईला आणि बहिणीला मागे बसवून तो आमच्याकडे आला. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली, आई खाली उतरली, स्पीडब्रेकर चालत ओलांडला आणि पलीकडे पुन्हा गाडीत बसली.