जुनी सिगारेट कार्डं कशी ओळखावी, वाचावी आणि कोल्हापूरच्या पावसात जपावी

कोल्हापूरच्या पेठांमधले जुने वाडे झपाट्यानं पडतायत. माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि आतलं सगळं किलोवर रद्दीत जातं. त्यात काडेपेटीहून जरा लांबट, एका अंगाला रंगीत चित्र आणि दुसऱ्या अंगाला बारीक इंग्रजी मजकूर असलेलं जाड कार्ड दिसलं, तर ते आधी बाजूला काढा. नेहमीचं माप साधारण ६८ बाय ३६ मिलिमीटर.

कागदी पाकिटात सिगारेटी चेपू नयेत म्हणून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. पुढे त्यावर चित्रं आली, २५ किंवा ५० कार्डांचे संच निघाले. संच पुरा करायच्या नादानं गिऱ्हाईक त्याच छापाची सिगारेट ओढत राही. हेतू धंद्याचा होता, पण त्यापायी एका काळाचं केवढं तरी चित्रण मागे राहिलं.

चित्रात रमण्याआधी कार्ड उलटा. काळाचा पत्ता मागे असतो. विल्स किंवा प्लेअर्स या ब्रिटिश सिगारेट कंपन्यांच्या नावाबरोबर ‘इम्पीरिअल टोबॅको’ असेल तर ते कार्ड १९०१ नंतरचं, कारण त्या वर्षी या कंपन्या एकत्र आल्या. पहिल्या महायुद्धात कागदटंचाईमुळे १९१७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये या कार्डांची छपाई थांबली, १९२०च्या दशकात पुन्हा सुरू झाली आणि १९४० मध्ये परत बंद पडली.

मग मजकूर वाचा, सावकाश. विल्सच्या ‘सिझर्स’ सिगारेटीबरोबर १९१२ मध्ये हिंदी, म्हणजे भारतीय, पलटणींचा ५० कार्डांचा संच निघाला. फेटा, पट्टा, गणवेशाचे रंग बारकाईनं रंगवलेत. नाव मात्र पलटणीचं, माणसाचं नाही. दोनच वर्षांनी हिंदी पलटणी फ्रान्स आणि मेसोपोटेमियात लढत होत्या. घराघरांत फौजेची परंपरा असलेल्या आपल्या जिल्ह्यात असं कार्ड हातात आलं, तर ते नुसतं शोभेचं राहत नाही. विल्सचाच १९३८चा संच हवाई हल्ल्यापासून बचावाचा: आसऱ्याची खोली कुठली निवडावी, इथपासून सूचना. लढाई अजून वर्षभर लांब होती, पण तिची भीती सिगारेटच्या पाकिटापर्यंत पोचली होती.

खरं-खोटं पारखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. जुन्या शिळाछापात रंगाचे ठिपके अनियमित दिसतात. आजच्या नकलेत ते एकसारख्या जाळीत बसलेले असतात. ताडून बघायला न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा डिजिटल संग्रह फुकट उघडतो.

आता जपणूक. इथं मी हट्टानं सांगतो: लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, पीव्हीसीचा अल्बम नको. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे कप्पे घ्या. १९३०च्या दशकातल्या बऱ्याच कार्डांच्या पाठीला आधीच डिंक असतो. जूनमध्ये हवा ओली झाली की असली कार्डं एकमेकांना चिकटतात, आणि ओढून सोडवलीत तर चित्रासकट पापुद्रा निघतो. म्हणून एका कप्प्यात एकच कार्ड, डबा भिंतीपासून दूर, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी. ती पावसाळाभर बदलत राहा. बुरशीचा वास आलाच तर पंख्याखाली सावलीत वाळवा, उन्हात कधीच नको.

शेवटचं काम बहुतेक जण टाळतात. प्रत्येक कार्डाला क्रमांक द्या, पण तो कप्प्यावर. वहीत त्याच क्रमांकापुढे लिहा: कुठल्या पेठेतून मिळालं, कुणाच्या ट्रंकेत होतं, सोबत कुठली पत्रं, पदकं किंवा फोटो होते. रद्दीवाल्याला लगेच विचारा. दुसऱ्या दिवशी त्यालाही आठवत नाही.