हिमालयातील वळ्या कशा ओळखाव्यात

मनालीला किंवा स्पितीला जाणाऱ्याची नजर बर्फाच्छादित शिखरांवर खिळते. वली पर्वत, म्हणजे थरांना वळ्या पडून उभा राहिलेला पर्वत, समजून घ्यायचा असेल, तर ती रस्त्यासाठी कापलेल्या कड्यांकडे वळवावी लागते.

निघण्यापूर्वी घरी एक प्रयोग करावा. वेगवेगळ्या रंगांचे तीन-चार टॉवेल टेबलावर एकावर एक पसरावेत, त्यांची एक कड भिंतीला टेकवावी आणि दुसरी कड झटका न देता भिंतीकडे रेटावी. टॉवेलांना वळ्या पडतील. वर उचललेला भाग अपनती, खाली गेलेला भाग अभिनती. आणखी रेटल्यास एक वळी दुसरीवर कलंडते, तेही होऊ द्यावे, कारण हिमालयात असेच घडले आहे. उत्तरेकडे सरकणारा भारतीय भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी युरेशियाला भिडला आणि मधल्या टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेले गाळाचे थर चेपत, वाकत वर आले. आपल्या देवघरांतले गंडकीचे शाळिग्राम हे त्याच समुद्रातील प्राण्यांचे जीवाश्म आहेत.

कड्यासमोर उभे राहिल्यावर एकच ठळक थर निवडावा आणि तो कोठे वाकतो, कोणत्या बाजूला उतरतो, हे शेवटपर्यंत पाहावे. डोंगरमाथा म्हणजे अपनतीच, असे मात्र गृहीत धरू नये. अपनतीचा ताणलेला माथा लवकर झिजतो आणि कित्येकदा अभिनतीच शिखर होऊन उरते. सह्याद्रीत हा शोध व्यर्थ आहे, कारण तेथील लाव्हाचे थर जवळजवळ आडवेच राहिले आहेत.

त्यानंतर माणसांच्या खुणा पाहाव्यात. कललेल्या थरांमधून झिरपणारे पाणी जेथे बाहेर येते, तेथे झरा आणि झऱ्याजवळ गाव, असा मेळ अनेकदा दिसतो. उतारावर पायऱ्यांची शेते आणि सफरचंदाच्या बागा असतात, त्यांच्याही वर गद्दी मेंढपाळांची उन्हाळी कुरणे. नद्यांनी कोरलेल्या अरुंद घळया धरणांना सोयीच्या ठरल्या. सतलजवरील भाक्रा धरण २२६ मीटर उंच आहे. मंडी जिल्ह्यात द्रंग आणि गुम्मा येथे तर खडकातून मीठ काढले गेले आहे.

थर रस्त्याच्याच बाजूला उतरत असतील, तर पायथा कापल्यामुळे ते घसरण्याचा धोका असतो. अशा कड्याखाली गाडी थांबवू नये, निरीक्षण पुढच्या वळणावरून करावे.